तलाव साफ करा, भकास करू नका

पावसाळा लागला की लांब शेपटीचा कमळपक्षी असा काही सजतो की बघत राहावं. चेहरा आणि पंख पांढरेशुभ्र, मानेमागे सोनेरी पट्टा, पोट गडद चॉकलेटी आणि विळ्यासारखी वळलेली लांबलचक शेपटी. कुणी याला पाणमोर म्हणतं. बोटं इतकी लांब की अंगाचा भार पसरतो आणि पोयणीच्या पानावरून तो किडे टिपत आरामात चालतो.

संसार मात्र नराच्या गळ्यात. मादी चार अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. जवळपास चार आठवडे उबवणं, मग पिल्लांना पंखांखाली घेऊन जपणं, सगळं बापाकडे. घरटं म्हणजे तरंगत्या पानाकाड्यांचा जेमतेम ढीग. पाणी चढून ते बुडायला लागलं, की हा बाप अंडी ढकलत, ओढत शेजारच्या पानांवर नेतो. पण न्यायला शेजारी पानं तर हवीत!

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. कोहळी समाजाने बांधलेले, गावाने राखलेले. उथळ, उतरत्या काठांवर कमळ, पोयणी, शिंगाडा वाढायचा. त्यावर मासेमार ढिवरांचं पोट चालायचं आणि कमळपक्ष्याचंही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि देखभालीची वहिवाट मोडली. आता काठावर बेशरम नावाचं झुडूप माजलं आहे. भर म्हणून पाण्यात गवत्या मासा सोडतात. तो पाणवनस्पती खाऊन तळ उघडा करतो. मग मरळ, शिंगीसारख्या गावरान माशांना आसरा उरत नाही.

आणि आता सुशोभीकरण! गाळ काढायलाच हवा, पण जेसीबी काठ विहिरीसारखा उभा कापतो तेव्हा उथळ पाणीच संपतं. 'घाण' म्हणून कमळंही उपटली जातात. त्या नितळ, सिमेंटच्या काठाच्या पाण्याचा फोटो चांगला येतो, एवढाच त्याचा उपयोग.

कमळपक्षी जागतिक लाल यादीत चिंतेच्या रकान्यात नाही, म्हणून त्याच्यासाठी मोर्चा निघणार नाही. पण गावच्या तलावावरून तो उठून जायला यादी बदलावी लागत नाही.

हे थांबवता येतं. भंडारा-गोंदियात ढिवर समाजाच्या बायाबापड्यांनी बेशरम उपटून तळात देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्याच आहेत. आपणही लावू. जलपर्णी काढा, तिच्यावरही हा पक्षी चालतो, पण ती बाकीच्यांचा श्वास कोंडते. कमळ, पोयणी राहू द्या. मच्छीमार संस्थांनी गवत्याचं बीज सोडू नये. जून ते सप्टेंबर वेलींच्या भागात नाव आणि फोटोवाले, दोघांनीही शिरू नये. होय, आम्ही पक्षीवेडेसुद्धा.

१ मेची ग्रामसभा पावसाच्या तोंडावर येते. तिथे उभे राहा आणि ठराव मांडा: गाळ काढताना तलावाचा एक काठ उतरता आणि उथळ ठेवायचा, त्यावरची झाडोरा-वेल तोडायची नाही, आणि कुठला काठ राखायचा हे गावच्या ढिवरांना विचारून ठरवायचं.