वर्गणी थोडी, भांडण मोठे

नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत उभारलेल्या मिलहँड्स असोसिएशनबद्दल 1892 च्या सरकारी अहवालात नोंद आहे: सभासदांची यादी नाही, फंड नाही, नियम नाहीत. नोंद खोचक असली तरी दुखणे नेमके सांगते. 1928 च्या संपात गिरणी कामगार युनियनचे सभासद 324 वरून 54 हजारांवर गेले. पुढच्या वर्षीचा संप फसला आणि ती गर्दी ओसरली. 1982 मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांना तगवले ते बहुतांशी गावाकडच्या धान्याने, संपनिधीने नव्हे. गिरणगावाचे हे, तर एका कारखान्यापुरत्या युनियनची काय कथा?

महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने मान्यताप्राप्त युनियनला महिन्याला किमान 50 पैसे वर्गणी घालून दिली. केंद्राच्या 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यातील 2001 च्या दुरुस्तीने संघटित कामगारासाठी किमान वर्गणी वर्षाला 12 रुपये ठरवली. हे किमान आकडे होते, जास्त घ्यायला कोणाची ना नव्हती. पण अनेक छोट्या युनियन त्यांच्याच आसपास घुटमळतात. 200 सभासदांचे वर्षाला 2,400 रुपये होतात. त्यात वकिलाची एका तारखेची फीसुद्धा निघणे कठीण. मग भिस्त उरते करारानंतर फरकाच्या रकमेतून कापल्या जाणाऱ्या लेव्हीवर. करार तीन-चार वर्षांनी होतो, मधला काळ कोरडा. ज्या युनियनचे उत्पन्न करार झाला तरच येते, तिला करार उरकण्याची घाई होणारच, आणि समोर बसलेल्या मालकाला ती दिसतेही. म्हणून वर्गणी पगाराच्या अर्धा टक्का असावी. 20 हजार पगारावर महिन्याला 100 रुपये. त्याच 200 जणांचे वर्षाला दोन लाख चाळीस हजार.

कामगार आधीच ओढगस्तीत आहे, वर्गणी वाढवली तर तो युनियन सोडेल, हा आक्षेप खरा आहे. पण टक्केवारीत कंत्राटी कामगाराला त्याच्या पगाराच्या मानानेच द्यावे लागते, आणि लेव्हीत जाणारी रक्कमही त्याच्याच खिशातली असते. फक्त ती एकदम जाते आणि बहुधा हिशेबाशिवाय. म्हणून वर्गणीबरोबर हिशेबही उघडा हवा. दुसरा आक्षेप असा की हिशेब उघडे केले तर युनियन किती दिवस तग धरेल हे मालकाला कळेल. रिकाम्या तिजोरीचा वास त्याला तसाही लागलेला असतो. शिवाय वह्या पाहण्याचा हक्क 1926 च्या कायद्यानेच सभासदाला दिला होता. सुरुवात नव्या कराराच्या पहिल्या पगारापासून करावी: लेव्ही बंद, पावती दरमहा आणि जमाखर्च फलकावर.