न खचणाऱ्या जमिनीचे वाङ्मय

अमेरिकेतील टेक्सास राज्यात गूज क्रीक नावाचे तेलक्षेत्र आहे. १९१७ नंतर तेथे इतके तेल उपसले गेले की १९२५ पर्यंत खाडीकाठची जमीन सुमारे तीन फूट खाली गेली आणि तिच्यावर पाणी चढले. पाण्याखालची भूमी राज्याच्या मालकीची, तेव्हा तिच्यातील तेलही राज्याचे, असा दावा सरकारने लावला. तो टिकला नाही. ही जमीन निसर्गाने बुडविलेली नसून माणसाच्या उपशाने खचली आहे, हे न्यायालयात मान्य झाले. शेजारच्या लुइझियानाच्या किनाऱ्यावर १९३२ ते २०१६ या काळात सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर भूमी नाहीशी झाली. नदीचा गाळ अडविणारे बांध हे तिचे एक कारण, तर तेल-वायूचा उपसा आणि त्यासाठी खोदलेले कालवे हे दुसरे.

साहित्याच्या अभ्यासकांना हा तपशील कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शोधायला लातूर-नांदेडकडे यावे लागते.

गाळाच्या प्रदेशात कणांमधला द्रव वरचा भार तोलून धरतो. तो काढून घेतला की कण दाटतात आणि जमीन बसते. आमचा मराठवाडा काळ्या पाषाणावर उभा आहे. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी खोल छिद्र घेतले, तेव्हा बसाल्टचे थर सुमारे ३३८ मीटरपर्यंत लागले. (त्या भूकंपाचा संबंध विहिरींच्या उपशाशी जोडण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.) हा खडक ताठ आहे. त्याच्या भेगांतले पाणी संपले तरी वरचे ढेकूळही जागचे हलत नाही. गूज क्रीकच्या जमिनीने निदान खचून साक्ष दिली. आमची जमीन साक्षच देत नाही.

आणि साक्ष नसली की आरोप आभाळावर जातो. २०१६ साली मांजरा धरण आटले, मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली, १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली 'जलदूत' रेल्वे आली. या सगळ्याला आपण एकच शब्द वापरला : दुष्काळ. शब्दाची फोड करून पाहावी. त्यात वाईट ठरतो तो काळ. ऊस, कारखाना, बोअर, उपसणारा हात यांपैकी कोणालाही त्या समासात जागा नाही. पाऊस कमी पडला हे खरेच होते. पण पावसाने दगा दिला तर तग धरण्यासाठी जी भूगर्भातली ठेव असते, ती आधीच मोडून खाल्लेली होती, हे या शब्दातून कधीच कळत नाही.

आमच्या मते यात साहित्यरूपाचाही प्रश्न आहे. आडात वाकून पाहता येते, हाक मारली तर ती परत येते. बारवेच्या पायऱ्या उतरताना यंदा पाणी किती पायऱ्या खाली गेले ते पावलांना कळते. जुनी माणसे विहिरीची खोली परसात मोजत, म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या उंचीत. कथा-कवितेला विहीर मानवली ती यामुळेच. ती देहाच्या मापाची होती. बोअरचे तोंड वीतभर. आत डोकावता येत नाही, काठावर कोणी भेटत नाही. पाणाड्या तळहातावर नारळ धरून जागा दाखवतो, रात्रभर मशीन धडधडते, सकाळी पांढरी भुकटी उडालेली असते आणि "फेल गेली" एवढे दोन शब्द उरतात. यात कर्ज आहे, आशा आहे, शेजाऱ्याच्या विहिरीशी चाललेले मुके वैरही आहे. कादंबरीला आणखी काय हवे? पाण्याखाली गेलेल्या जमिनीला विश्वास पाटलांची 'झाडाझडती' मिळाली. जमिनीखालून गेलेले पाणी त्या तोलाच्या कादंबरीची अजून वाट पाहते आहे.

कायदा या बाबतीत साहित्याच्या पुढे गेला, असे म्हणण्याची पाळी यावी हे नवलच. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला वेगळे ओळखले आणि तिला निर्बंध घातले. ते किती पाळले जातात, हे कोणत्याही गावच्या पारावर कळेल.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र आणि भाषा-वाङ्मय ही दोन्ही संकुले एकाच आवारात आहेत. 'ग्रामीण साहित्यातील निसर्गचित्रण' हा प्रश्न आपण वर्षानुवर्षे काढतो आणि विद्यार्थी पाऊस, ढेकूळ, उजाड माळ यांवर चार पाने लिहितात. पुढच्या खेपेस या प्रश्नाखाली एक उपप्रश्न घालावा : नेमलेल्या कथेतील विहीर किती परस खोल आहे, आणि तिचे पाणी कोण उपसतो?