शून्य म्हणजे 'दिलेच नाही' नव्हे

१/ प्रोग्रामिंगच्या इतिहासात एक समज घट्ट रुजला आहे: मूल्य नसल्यास पर्यायी, म्हणजे 'डिफॉल्ट', मूल्य देणारी `//` किंवा `??` ही चिन्हे केवळ टंकनाचे श्रम वाचवण्यासाठी आली. हा समज निराधार आहे. ती एका जुन्या चुकीची दुरुस्ती होती, आणि त्या चुकीचे खापर वर्षानुवर्षे भलत्याच माथी फुटत राहिले.

२/ लॅरी वॉल यांनी १९८७ साली पर्ल ही भाषा प्रसिद्ध केली. तिच्यातील `||`, म्हणजे 'किंवा', केवळ सत्य-असत्य सांगून थांबत नाही. डावी बाजू सत्य असेल तर तेच मूल्य हाती देते, नसेल तर उजवे. त्यातून `सूट || १०` अशी लकब रूढ झाली: सूट दिली असेल तर ती, नसेल तर दहा टक्के.

३/ मेख इथेच आहे. पर्लच्या लेखी शून्य, रिकामा मजकूर आणि मूल्यच न दिलेले चल हे तिन्ही 'असत्य'. दुकानदाराने विचारपूर्वक सूट शून्य लिहिली, तरी गिऱ्हाइकाला दहा टक्के मिळणार! त्याने उत्तर दिले होते. यंत्राने ते न दिल्यासारखे वागवले. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये शून्याला संख्येचा मान देऊन त्याच्या गणिताचे नियम सांगितले. साडेतेराशे वर्षांनी तेच शून्य पुन्हा अभावाच्या पंगतीला बसले.

४/ "मूल्य दिले आहे का, हे आधी तपासावे, अडवले कोणी?" हा बचाव नेहमीचा. अडवले कोणीच नव्हते. पण बरोबर लिहायचे तर चलाचे नाव दोनदा आणि वर एक तपासणी. चुकीचे लिहायला दोन उभ्या रेघा पुरेशा. भाषेनेच चुकीची वाट सोपी ठेवली असताना लिहिणाऱ्याला निष्काळजी ठरवणे हा शुद्ध अन्याय होय.

५/ १८ डिसेंबर २००७ रोजी, पर्लच्या विसाव्या वाढदिवशी, ५.१० ही आवृत्ती आली आणि तिच्यासोबत `//`. डावी बाजू खरोखरच अनिर्णीत असेल तरच हे चिन्ह उजवीकडे पाहते; शून्य शून्यच राहते. कल्पना पर्ल ६ च्या आराखड्यातली. गंमत अशी की पर्लमध्ये `//` चा अर्थ आधीच ठरलेला होता: मजकूर शोधण्याचा रिकामा नमुना. काही संदिग्ध जागी भाषेने सरळ नव्या अर्थाची बाजू घेतली. केवळ श्रम वाचवण्यासाठी कोणी एवढी जोखीम पत्करत नाही.

६/ पीएचपीचा इतिहास तर हमखास उलटा सांगितला जातो. २००९ साली ५.३ मध्ये आलेले `?:` हे `??` चे पूर्वरूप, असे म्हणतात. ते पूर्वरूप नव्हे. `?:` विचारते, 'हे सत्य आहे का?' आणि शून्याला पुन्हा बाहेर काढते. 'हे आहे का?' असे विचारणारे `??` डिसेंबर २०१५ मध्ये, पीएचपी ७ सोबत आले. सी शार्पमध्ये ते २००५ पासून होते, पर्लचा धडाही समोर होता. तरीही आधी जुनीच चूक नव्या चिन्हात कोरली गेली. जावास्क्रिप्टला २०२० उजाडावे लागले.

७/ पायथॉनमध्ये असे चिन्ह आणण्याचा प्रस्ताव, पेप ५०५, २०१५ साली मांडला गेला आणि लांबणीवर पडला. चिन्हांच्या गर्दीने भाषा दुर्बोध होते, हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण तिथे `सूट ऑर १०` या धर्तीवर लिहिणाऱ्या दुकानदाराची शून्य सूट आजही दहा टक्केच होते.