तीन शब्द, पाच मिनिटं

कोल्हापुरात महाद्वार रोडवर रोज ये-जा करणारी आजी घराची वाट चुकते आणि आपण म्हणतो, वय झालं! वयानं असं होत नाही. स्मरणशक्ती तपासायला डॉक्टर तीन शब्द सांगतात, घड्याळ काढायला लावतात, मग तेच शब्द पुन्हा विचारतात. जेमतेम पाच मिनिटं लागतात. मात्र शाळेची पायरी न चढलेल्या आजीच्या हाती पेन्सिल देणं अन्यायाचं. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत १९९०च्या दशकात निरक्षर ज्येष्ठांसाठी अशीच एक तपासणी बदलून घेतली गेली. चाचणीत अडखळलं म्हणजे अल्झायमरच, असंही नाही. बी-१२ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य यांनीही विसर पडतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. सीपीआर रुग्णालय असो वा गल्लीतला दवाखाना, आपल्या माणसाला एकदा दाखवून आणा.