नातवंडांना आगीचे भय नको, वाट दाखवा

दिवेलागणीची वेळ आहे. आपण देवघरात निरांजन लावत आहात आणि पाच वर्षांची नात शेजारी मांडी घालून बसली आहे. ज्योतीकडे तिचा हात सरकतो. आपण चटकन म्हणता, "हात लावू नकोस, चटका बसेल!" हात मागे जातो आणि प्रसंग संपतो. आगीला शिवू नये, एवढे तिला कळले. पण खरोखरच काही पेटले तर काय करावे, हे तिला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

हे न सांगण्याचा परिणाम मी स्वतः अनुभवला आहे. सहा वर्षांचा असताना काड्यापेटीशी खेळताना माझ्या हातून खिडकीच्या पडद्याने पेट घेतला. कोणाला हाक न मारता मी पलंगाखाली जाऊन लपलो. जळका वास येताच आजी धावत आली आणि तिने बादलीभर पाणी ओतले, म्हणून पडद्यावरच निभावले. त्यानंतर ती मला घरभर शोधत होती आणि तिच्या हाका ऐकूनही मी गप्प होतो. आगीपेक्षा मला बोलणी खाण्याचे भय अधिक होते. घाबरलेली लहान मुले पुष्कळदा असेच करतात. बाहेर पळण्याऐवजी ती पलंगाखाली किंवा कपाटात लपतात आणि शोधणाऱ्याला वेळेवर सापडत नाहीत.

म्हणून पहिला धडा हा: "काही पेटले तर लपायचे नाही, मोठ्याने ओरडायचे. तुझ्या हातून झाले असले तरी मी रागावणार नाही." हे वचन द्यावे आणि पाळावे. उद्या तिच्या हातून काचेचा पेला फुटेल आणि ती आपणहून येऊन सांगेल, तेव्हा त्या वचनाची परीक्षा असते.

दुसरा धडा धुराचा. आगीत ज्वाळेइतकाच, किंबहुना अधिक, घात धूर करतो. उदबत्ती लावून धूर वर कसा चढतो, ते दाखवा. धूर वर जातो म्हणून आपण खाली राहायचे. भिंतीच्या कडेने रांगत दारापर्यंत जाण्याचा खेळ मुलांना फार आवडतो.

तिसरा धडा अंगावरच्या कपड्यांचा. कपडे पेटले असता धावल्यास वाऱ्याने ज्वाळा वाढतात. "थांब, आडवी हो, लोळ" हे तीन शब्द सतरंजीवर करून घ्यावेत. लोळताना चेहरा दोन्ही हातांनी झाकायचा, हेही शिकवावे. आपले पूर्ण नाव आणि घराचा पत्ता मुलांना तोंडपाठ असावा. अग्निशमन दलाचा १०१ आणि आपत्कालीन मदतीचा ११२ हे क्रमांकही पाठ करून घ्यावेत. मात्र दूरध्वनी घराबाहेर पडल्यावरच करायचा.

मुले ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकतात. आपण शेगडीपाशी पदर खोचून उभ्या राहिलात, काड्यापेटी नेमाने वरच्या फळीवर ठेवलीत आणि रात्री रेग्युलेटर बंद केलात, तर निम्मे शिक्षण न बोलता होते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. वास आल्यास विजेचे बटण लावू नये आणि बंदही करू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. दिवाळीत मुलांना अंगाबरोबरचे सुती कपडे घालावेत. विझलेल्या फुलबाजीची तार बराच वेळ तापलेली असते, ती पाण्याच्या बादलीतच टाकावी.

भाजलेच, तर ती जागा नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावी. बर्फ, हळद, तूप किंवा टूथपेस्ट लावू नये. बांगड्या, अंगठी लगेच काढावी. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नये. जागा स्वच्छ कापडाने सैल झाकावी आणि लहान मुलाला डॉक्टरांना दाखवावेच.

या साऱ्याचा सराव वर्षातून दोनदा करावा. एक दिवाळीपूर्वी आणि दुसरा १४ एप्रिलला. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर आग लागून प्रचंड स्फोट झाले. ती आग विझवताना अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. नातवंडांना ही हकीकत सांगावी आणि मग दाराकडे वळावे. मुलाचा हात कडीपर्यंत पोहोचतो का? कुलपाची किल्ली कोठे असते, हे त्याला ठाऊक आहे का? बाहेर पडून शेजारच्या काकूंना हाक मारायची आणि त्यांच्यासोबत लिफ्टने नव्हे, जिन्यानेच उतरायचे, हे त्याला समजले आहे का?

आता सर्वांत अवघड गोष्ट. आपले गुडघे दुखतात, आपल्याला पळता येत नाही, हे नातवंडांना माहीत असते. त्यांचा जीव आपल्यात गुंतलेला असतो, म्हणून ती आपल्यासाठी थांबतील, नाहीतर मागे फिरतील. तेव्हा हे त्यांना जवळ घेऊन, शांतपणे आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागेल: "आजीसाठी थांबायचे नाही. तू बाहेर जा आणि मी कोणत्या खोलीत आहे, ते मोठ्यांना सांग. म्हणजेच तू मला मदत केलीस." हे उच्चारताना आपला कंठ दाटून येईल. तरीही आज दिवेलागणीला, निरांजन लावून झाले की, नातीला शेजारी बसवून हे सांगाच.