दुखणारे शरीर जपायचे की हलवायचे?

कंबर अनेक महिने दुखत असेल तर आपल्याकडे तीन गोष्टी ठरलेल्या असतात: दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, कमरेचा पट्टा आणि घरच्यांचा सल्ला, 'वाकू नकोस, पडून राहा.' जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीबाबत पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. कंबरपट्टा, ट्रॅक्शन आणि अफूवर्गीय वेदनाशामके नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असे त्यात म्हटले आहे. शिफारस झालेल्या उपायांत रुग्णाला आजार नीट समजावून सांगणे आणि आखीव व्यायाम यांना महत्त्वाचे स्थान आहे. २०२० मध्ये जगातील सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींवर जाईल, असा अंदाज आहे.

दुखणाऱ्या माणसाला 'हाला' म्हणायचे, हे ऐकायला क्रूर वाटते. त्यामागचे कारण समजून घेऊ. ताजी वेदना ही राखणदारासारखी असते. इजा झाली की ती ओरडते. मात्र तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या वेदनेत अनेकदा मूळ इजा भरून आलेली असते आणि मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील होऊन बसते. मग साध्या हालचालीचीही भीती वाटते. भीतीमुळे हालचाल थांबते, स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात, झोप बिघडते, मन खचते आणि वेदना आणखी वाढते. हे चक्र गोळीने तुटत नाही. उलट सल्ल्याविना महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

मात्र 'व्यायाम करा' असे चिठ्ठीवर लिहिले म्हणून तो होत नाही. ओपीडीत आठवड्याभरानंतर विचारले तर बहुतेक जण खाली बघतात. इथे नृत्य उपयोगी पडते. तालावर हालताना लक्ष दुखऱ्या जागेवरून हटते, गटामुळे एकटेपणा कमी होतो आणि आवडीची गोष्ट माणूस सोडत नाही. ब्राझीलमधील शाळकरी विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की नाचातील श्रम आणि सर्वांनी एकाच तालात हालणे, या दोन्हींमुळे वेदना सहन करण्याची मर्यादा स्वतंत्रपणे वाढते. फायब्रोमायल्जियाच्या २२६ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ताई ची हा संथ, लयबद्ध प्रकार एरोबिक व्यायामाइतका किंवा त्याहून अधिक उपयोगी ठरला.

तरीही दावे बेतानेच करायला हवेत. ब्राझीलमधील मुले निरोगी होती आणि ताई ची म्हणजे नृत्य नव्हे. दीर्घकालीन वेदनेसाठी प्रत्यक्ष नृत्याचे अभ्यास झाले आहेत, पण त्यांतले बरेचसे लहान आहेत. नृत्याने वेदना नाहीशी होते, असे कोणी सांगत असेल तर सावध राहा. वेदना असतानाही जगणे सुरळीत व्हावे, हे वास्तववादी उद्दिष्ट आहे.

नृत्यवर्ग आणि नृत्योपचार यांत फरक आहे. अमेरिकेत मॅरियन चेस यांनी १९४२ मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात ज्या कामाला सुरुवात केली, त्यातून हा व्यवसाय आकाराला आला. त्यात पदन्यास अचूक येण्याला महत्त्व नसते. रुग्णाचा आपल्या शरीरावरचा विश्वास परत आणणे हे काम असते. आपल्या देशाच्या २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याच्या अनुसूचीत नृत्य व हालचाल उपचारतज्ज्ञांचा समावेश आहे. पण कागदावरचे हे नाव सरकारी रुग्णालयाच्या दारापर्यंत क्वचितच पोहोचते. पट्टा आणि गोळी गावोगावी मिळते, हालचाल शिकवणारा माणूस मिळत नाही. दिवसभर वाकून खुरपणी करणाऱ्या बाईला याचीच किंमत मोजावी लागते. तिला 'तू भरपूर हालतेस' म्हणून परत पाठवणेही बरोबर नाही. ओझ्याखालची तीच ती हालचाल आणि मोकळी, स्वतःच्या गतीची हालचाल यांत मोठे अंतर आहे.

तज्ज्ञ नसले तरी सुरुवात करता येते. आवडते गाणे लावून पाच मिनिटे हाता-पायांची सोपी हालचाल करा. उभे राहणे जड जात असेल तर खुर्चीत बसून करा. दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवा. भोंडल्याच्या फेरासारखी संथ पावले चालतील. फुगडी, उड्या आणि झटके टाळा. नंतर थोडे दुखले तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही ते जास्तच राहिले तर वेळ निम्मी करा.

मात्र दुखण्यासोबत ताप, विनाकारण वजन घटणे, पायातली ताकद कमी होणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा नुकतेच पडणे यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. हृदयविकार किंवा हाडांचा ठिसूळपणा असलेल्यांनीही विचारूनच सुरुवात करावी. बाकीच्यांनी उद्या सकाळी पाच मिनिटे काढावीत. आणि जिल्हा रुग्णालयांनी आठवड्यातून एकदा, फिजिओथेरपी विभागाच्याच खोलीत, अशा रुग्णांचा गट जमवावा. त्यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. मोकळी जागा, थोडे संगीत आणि एक प्रशिक्षित माणूस पुरेसा आहे.