सात परिच्छेदांचे मृत्युपत्र

बँकेचे वर्ष मार्चअखेरीस संपते, रसिकाचे डिसेंबरअखेरीस. सन 2024 मध्ये ऐकलेल्या हेवी मेटल अल्बमांपैकी मनात टिकले ते तीन. त्यांविषयी लिहिण्याआधी, ‘तुम्ही आणि हा गोंगाट?’ असे विचारणाऱ्या वाचकांसाठी थोडी पूर्वपीठिका.

हे संगीत कारखान्यातून आले आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असे. 1965 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या अखेरच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे बोटांना ताण पडू नये म्हणून तारांचा स्वर खाली उतरवला. ‘ब्लॅक सॅबथ’चा तो जड, खर्जातला नाद असा घडत गेला. त्यांचा पहिला अल्बम फेब्रुवारी 1970 मधला.

आमची पिढी या नादाला भेटली ती मुंबईत. 1986 साली सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सव धोबी तलावाजवळच्या रंगभवनात वर्षानुवर्षे भरत असे. मुंबईतील नेमणुकीच्या काळात मी तेथे सदरा खोचून, हातात बँकेची बॅग घेऊन उभा राहिलो आहे. केस वाढवलेल्या तरुणांनी मला आयकर अधिकारी समजून आदराने वाट दिली. शेजारी रुग्णालय व महाविद्यालय असल्याने तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन मुके झाले. नियम रास्त होता. आजाऱ्याची झोप गाण्यापेक्षा मोठी. पण त्या तोडीची दुसरी मोकळी जागा मुंबईने काही दिली नाही. तरीही तेथे बँड निघत राहिले. 2000 साली स्थापन झालेल्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ने 2017 साली ‘दशावतार’ हा अल्बम काढला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. नातवंडांच्या खोलीतून आवाज आला की दार आपटणाऱ्या आजोबांनी निदान त्यातील नावे वाचून पाहावीत.

आता 2024 मधले. बंगळूरच्या ‘क्रिप्टॉस’चा ‘डेसिमेटर’ जुलैत आला. 1998 पासून हा बँड जुन्या, सरळ धाटणीला धरून आहे. एखाद्या पेढीने तीच गादी, तेच माप ठेवावे तसे. ‘जूडास प्रीस्ट’चा ‘इन्विन्सिबल शील्ड’ मार्चमधला. गायक रॉब हॅलफर्ड तेव्हा 72 वर्षांचा होता आणि त्याची पट्टी अजून वर चढते. निवृत्तांनी जरूर ऐकावा.

परंतु सर्वांत अधिक वेळा ऐकला तो स्वीडनच्या ‘ओपेथ’चा ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’, 22 नोव्हेंबरला आलेला. मृत्युपत्रावर आख्खा अल्बम! पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, धनाढ्य कुटुंबप्रमुख निवर्तलेला, आणि तीन अपत्यांसमोर त्याचे मृत्युपत्र वाचले जात आहे. पहिल्या सात गाण्यांना नावे नाहीत, फक्त परिच्छेदांचे क्रमांक आहेत. वाचन पुढे सरकते तसे जुळ्या भावंडांना कळते की, ज्याला आपण वडील मानले त्याच्या रक्ताचे आपण नाही. सारी मालमत्ता जाते ती मोलकरणीच्या पोटी जन्मलेल्या, पोलिओने अपंग झालेल्या मुलीकडे. मृताचे काही शब्द ‘जेथ्रो टल’चे इयन अँडरसन वाचतात, त्यांची बासरीही आहे. मिकेल ओकरफेल्टचा घशातून काढलेला गुरगुराट 2008 नंतर प्रथमच अल्बमवर परतला आहे, आणि येथे तो शोभतो. मेलेल्या माणसाचा राग गोड गळ्याने कसा गावा?

मृतांची खाती मिटवण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. मोंढ्यातील एका पेढीचे दोघे भाऊ माझ्या टेबलासमोर बसले होते, तो दिवस आठवतो. वडिलांच्या ठेवींवर थोरल्याचे नामनिर्देशन होते, मृत्युपत्र नव्हते. थोरल्याची समजूत अशी की पैसा त्याचाच झाला. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते ती वारसांच्या वतीने, मालक म्हणून नव्हे, हे मी समजावून सांगितले. धाकटा एक शब्दही बोलला नाही. उठताना त्याने थोरल्याची खुर्ची मात्र सवयीने मागे ओढून दिली. पुढे त्या पेढीच्या दोन पाट्या झाल्या. वडिलांनी कागदावर चार ओळी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या तर कदाचित एकच राहिली असती. मृत्युपत्राला आपल्याकडे नोंदणीची सक्तीही नाही. अर्थात ‘ओपेथ’च्या घरात मृत्युपत्र होते, आणि तरी घर फुटलेच. तो गृहस्थ जिवंतपणी जे बोलला नाही, ते त्याने कागदाकडून बोलवून घेतले.

आठव्या गाण्याला मात्र नाव आहे, ‘अ स्टोरी नेव्हर टोल्ड’, न सांगितलेली गोष्ट. वारस ठरलेल्या मुलीला पत्र येते, आणि तीही त्याच्या रक्ताची नव्हती हे उघड होते. हे गाणे संथ आहे, त्यात गुरगुराट नाही. ज्यांना बाकीचे सोसणार नाही त्यांनी येथूनच आरंभ करावा. गुपित आधी फुटेल, एवढेच.